यंत्राशीं बोललेलें असत्य

असत्य भाषणास दोन माणसें लागतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. एक बोलणारा, दुसरा ऐकणारा. बोलणाऱ्यास खरें काय तें ठाऊक असावें, ऐकणाऱ्यास तें नसावें, आणि त्यास फसविण्याचा हेतु बोलणाऱ्याच्या मनांत असावा. या तिन्ही अंगांचा खल नीतिशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे. दुसऱ्याचा प्राण वांचविण्यासाठीं खोटें बोलावें कीं नाहीं, रोग्यास त्याच्या रोगाचें खरें स्वरूप सांगावें कीं लपवावें, मुलाची समजूत घालण्यासाठीं मारलेली थाप कितपत क्षम्य मानावी, या प्रश्नांवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. कांटनें तर १७९७ सालीं एक निबंध लिहून, आपल्या मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याशीं देखील खोटें बोलण्याचा आपणांस अधिकार नाहीं असा निकाल देऊन टाकला, आणि त्याबद्दल सज्जनांचा रोष तो आजतागायत सोशीत आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या जागीं माणूस नसून एखादें यंत्र असेल तर काय? लोखंडाच्या धुडाशीं खोटें बोलतां येईल काय? आणि आलेंच, तर त्यांत कोणाचें काय बिघडलें?

हा प्रश्न रिकामपणीं सुचलेला तर्काचा खेळ आहे, असें कोणी समजूं नये. भोसरीस, चाकणला, कोल्हापूरजवळ शिरोलीस अगर गोकुळ शिरगांवास जे लहान लहान कारखाने आहेत, त्यांत राबणाऱ्या माणसांपुढें तो वरचेवर उभा राहतो. आणि हीं माणसें कोणी परकीं नव्हेत, तीं आपल्याच घरांतून सकाळीं डबा घेऊन बाहेर पडतात. या कारखान्यांपैकीं पुष्कळांस नवें यंत्र परवडत नाहीं. मोठ्या कारखान्यांनीं दहा-वीस वर्षें राबवून काढून टाकलेलें, कधीं देशांतलें तर कधीं जपान-तैवानकडून आलेलें यंत्र ते घेतात, रंग देतात, आणि बँकेच्या हप्त्याकडे डोळे लावून कामास लागतात. अशा यंत्राबरोबर केवळ लोखंड घरीं येत नाहीं. पूर्वीच्या मालकाची काटकसर, त्याच्या फिटरची हुशारी, रात्रपाळीच्या माणसाचा कंटाळा, हें सारें त्या लोखंडांत कोठें ना कोठें दडून बसलेलें असतें, आणि तें प्रथम डोकें वर काढतें तें बहुधा हत्यार बदलण्याच्या वेळीं.

मिलिंगचें यंत्र म्हणजे काय हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढील सारा विचार त्याच्या एका अवयवावर टांगलेला आहे. सुतार लाकडावरून रंधा फिरवितो. येथें धातूचा तुकडा टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि दांतेरी हत्यार गरगर फिरत त्यावरून जाऊन त्यास आकार देतें. हें हत्यार कोठें, किती खोल व किती वेगानें न्यावयाचें, हें पूर्वीं कारागीर हातांतील चाकांनीं ठरवीत असे. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत, भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरील आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. पुढें फितीची जागा संगणकानें घेतली, आणि त्या पद्धतीसच आज सीएनसी म्हणतात. पण एका कामास एकच हत्यार पुरत नाहीं. पृष्ठभाग सपाट करावयास एक, भोंक पाडावयास दुसरें, आटे पाडावयास तिसरें. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंतच 'मिलवॉकी-मॅटिक' नांवाच्या यंत्रानें हीं हत्यारें बदलण्याचें कामहि माणसाच्या हातून काढून घेतलें. तेव्हांपासून अशा यंत्राच्या कुशीस हत्यारांचें एक फिरतें कपाट असतें. त्यास मॅगझीन म्हणतात. या नामसाधर्म्याचा आमच्या संपादकांनीं राग मानूं नये.

ही अदलाबदल पाहण्यासारखी असते. ज्या दांड्यांत हत्यार बसून फिरतें त्याला स्पिंडल म्हणतात. हत्यार बदलावयाचें झालें कीं स्पिंडल थांबतो, आणि नुसता थांबत नाहीं, तर ठराविक दिशेस तोंड करून थांबतो; कारण त्याच्या ओठावर ज्या दोन चाव्या असतात त्या हत्याराच्या खांचांशीं जुळल्या पाहिजेत. यंत्राचा दुहेरी हात फिरून एका मुठींत जुनें हत्यार व दुसरींत नवें हत्यार धरतो. स्पिंडलच्या पोटांत चपट्या वाटीसारख्या पोलादी चकत्यांची एक चळत असते, आणि तीच हत्यारास सदोदित वर ओढून धरीत असते. मध्यम आकाराच्या यंत्रांत ही ओढ कित्येक शें किलोंपासून एक टनापर्यंत असते. हवेच्या जोरानें ती चळत दाबली कीं पकड सुटते. हात खालीं येतो, अर्धा फेरा घेतो, वर जातो. हवेचा जोर निघतो, चकत्या पुन्हां उसळतात, आणि नव्या हत्याराच्या शेंडीस धरून त्यास आपल्या जागीं खेंचून घेतात. या शेंडीचें कारखान्यांतलें नांव पुल स्टड. पण शेंडी हाच शब्द मला अधिक बरा वाटतो. हें सारें कांहीं सेकंदांत आटोपतें.

यंत्रास डोळे नाहींत. पकड सुटली कीं नाहीं, हात वर पोंचला कीं नाहीं, नवें हत्यार घट्ट बसलें कीं नाहीं, हें त्यास कसें कळावें? त्यासाठीं जागोजाग लहान लहान चौकीदार बसविलेले असतात. लोखंडाचा तुकडा दोन-चार मिलिमीटरांच्या टप्प्यांत आला कीं 'आहे' असा इशारा द्यावा, दूर गेला कीं मुकाट राहावें, एवढेंच त्यांचें काम. त्यांचें पूर्ण नांव प्रॉक्सिमिटी स्विच. पण फिटर लोक त्यास नुसतें 'प्रॉक्सी' म्हणतात. इंग्रजींत प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. अपभ्रंशानें पडलेलें हें नांव मूळ नांवापेक्षां अर्थपूर्ण आहे यांत शंका नाहीं. कारण त्या अंधाऱ्या पोटांत माणूस स्वतः जाऊन पाहूं शकत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें हा मुखत्यार पाहतो व सांगतो.

आतां या मुखत्याराच्या ज्ञानाची मर्यादा पाहा. हत्यार घट्ट बसलें आहे, असें तो कधींच सांगत नाहीं. पकडीचा दांडा अमुक जागेपर्यंत वर आला आहे, एवढेंच तो सांगतो. 'त्या अर्थीं हत्यार बसलें' हें अनुमान यंत्राचें. आपल्या नैयायिकांनीं धूर व अग्नि यांच्या उदाहरणानें जें सांगितलें तेंच येथें लागू पडतें. धुरावरून अग्नि ओळखावयाचा तर जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि हें साहचर्य, म्हणजे व्याप्ति, अभंग पाहिजे. व्याप्ति तुटली कीं अनुमान लंगडें होतें, मग तें करणारा पंडित असो वा यंत्र असो. याची भयंकर साक्ष २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत, थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्रांत मिळाली. तेथील एक झडप उघडी अडकून राहिली होती. पण नियंत्रण-कक्षांतील दिव्यावरून ती मिटली आहे असें वाटत होतें. तो दिवा झडपेची अवस्था दाखवीतच नव्हता. ती मिटण्याची आज्ञा सुटली, इतकेंच दाखवीत होता. आज्ञा सुटणें आणि आज्ञा पाळली जाणें यांतील अंतर लक्षांत येईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ लोटला, आणि तेवढ्यांत अणुभट्टीचा गाभा उघडा पडून वितळूं लागला होता. त्या दिव्याशीं कोणी लबाडी केली नव्हती. प्रामाणिक साक्षीचा अर्थच लोकांनीं अधिक लाविला होता. मग जेथें साक्षीदाराचेंच तोंड बंद केलेलें असेल, तेथील गोष्ट काय सांगावी?

माझ्या परिचयाच्या एका कारखानदारांनीं असें एक वापरलेलें यंत्र घेतलें. यंत्र तैवानी, वय सुमारें वीस वर्षें. पहिले कांहीं आठवडे बरे गेले. मग भोंकें किंचित् मोठीं पडूं लागलीं, सपाट केलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटूं लागल्या, आणि एके दिवशीं हत्यार बदलतांना नवें हत्यार पकडींत न राहतां खालीं टेबलावर आदळलें. सुदैवानें स्पिंडल अद्याप फिरूं लागला नव्हता. आश्चर्य हें कीं, इतकें होऊनहि यंत्रानें एकदांहि अलार्म दिला नाहीं. पडद्यावर सर्व कांहीं ठीक होतें.

त्यांच्याकडे एक जुने, शांत फिटर येत असत. त्यांनीं ज्या क्रमानें शोध घेतला तो क्रमच मला मोठा बोधप्रद वाटला, म्हणून तो जरा विस्तारानें देतों. प्रथम त्यांनीं हवा पाहिली. मापकाचा कांटा सहा बार दाखवीत होता, आणि त्यावर विश्वासून कोणीहि पुढें गेला असता. पण ते कांट्याकडे पाहत उभे राहिले आणि हत्यार बदलावयास सांगितलें. त्या क्षणीं कांटा चारच्या खालीं आला. निजलेल्या माणसाची नाडी पाहून त्याच्या अंगीं धांवण्याची शक्ति आहे कीं नाहीं हें कळत नाहीं, तसेंच हें. चिंचोळी नळी व पाण्यानें बुजलेला गाळणा बदलला. अर्धवट सुटणारी पकड पुरी सुटूं लागली; परंतु हत्यार सैल बसण्याचें थांबेना. मग त्यांनीं हत्यारांच्या शेंड्या काढून एका ओळींत मांडल्या. त्यांत दोन जाति निघाल्या. कांहींच्या गळ्याचा उतार ४५ अंशांचा, कांहींचा ६० अंशांचा; पकडीचीं बोटें एकाच उताराशीं जुळणारीं. शिवाय एका होल्डरांत १६ मिलिमीटरच्या आट्यांच्या जागीं अमेरिकन पद्धतीची पांच-अष्टमांश इंचाची शेंडी दामटून बसविलेली! दोहोंच्या व्यासांत एक-अष्टमांश मिलिमीटरचा फरक, म्हणून ती दोन फेरे आंत गेली असेल, आणि मग कोणीतरी पान्ह्यास लांब नळी लावून तिला पुढें रेटलें असेल. सर्व शेंड्या एका जातीच्या केल्या. तरीहि समाधान होईना, तेव्हां ओढ मोजण्याचें उपकरण आणून स्पिंडलमध्यें बसविलें. ओढ असावी तिच्या निम्म्याहून कमी भरली. चकत्यांच्या चळतींतील कांहीं चकत्या तुटलेल्या होत्या.

दोष सांपडला होता. दुसरा एखादा फिटर येथें थांबला असता. यांनीं मात्र एक प्रश्न विचारला, आणि या लेखाचें बीज त्या प्रश्नांत आहे: चकत्या तुटल्यावर दांडा पुरा वर जाणार नाहीं; मग यंत्रानें ओरड कां केली नाहीं? त्यांनीं मागची वीजपेटी उघडली. शेंकडों तारांच्या नीट बांधलेल्या जुडग्यांत एक वीतभर तार निराळ्या रंगाची होती. तिला ना क्रमांक, ना चिठ्ठी. तिचें एक टोंक चोवीस व्होल्टांच्या पट्टीस, दुसरें टोंक 'हत्यार बसलें' हा इशारा जेथें यावयाचा त्या खुंटीस. "साहेब, ही वायर कंपनीची नाहीं," एवढेंच ते बोलले.

कारखान्याच्या भाषेंत यास 'जंपर मारणें' म्हणतात. त्या तारेमुळें यंत्रास दिवसरात्र, हत्यार असो वा नसो, 'बसलें, बसलें' हाच निरोप मिळत होता. खरा मुखत्यार आपल्या जागीं बसून मुका झाला होता, आणि त्याच्या नांवानें दुसराच कोणी सही करीत होता. 'सुटलें' व 'बसलें' हे दोन निरोप एकाच वेळीं आले तर त्यांतील विसंगति ओळखण्याची सोय कित्येक यंत्रांत असते. या यंत्रांत ती नव्हती. तार कशी आली असेल हें तर्कानें सांगतां येतें. चकत्या एकेक करून तुटूं लागल्या, दांडा जरासा कमी वर येऊं लागला, दर हत्यारागणिक अलार्म होऊं लागला. त्या रात्रीं कोणाचा तरी माल सकाळीं जावयाचा असेल. अलार्म थांबला पाहिजे होता, आणि अलार्म थांबविणें व दोष काढणें यांत दोन आठवडे व पुष्कळ रुपये यांचें अंतर होतें. तारेस दोन मिनिटें लागलीं.

आतां आरंभीं सांगितलेलीं असत्याचीं तीन अंगें या तारेस लावून पाहूं. खरें काय तें तार लावणाऱ्यास ठाऊक होतें, हें उघड आहे. ऐकणारा कोण? यंत्र, असें वरवर वाटतें. आणि यंत्रास फसविणें म्हणजे दगडास शिवी देणें, असें म्हणून मनुष्य मोकळा होतो. पण यंत्र स्वतःसाठीं कांहींच ऐकत नाहीं. तें निरोप्या आहे. त्याच्या पडद्यासमोर जो उभा असतो तोच खरा श्रोता. पडद्यावर तांबडी अक्षरें नाहींत, त्या अर्थीं हत्यार घट्ट आहे, असें समजून तो हिरवें बटण दाबतो. हत्यार व होल्डर मिळून वजन कित्येकदां दोन-तीन किलो भरतें, आणि मिनिटास हजारों फेरे घेत असतां तें सैल झालें तर पुढें जें होईल तें कल्पनेनेंच पाहिलेलें बरें. या कारखान्यांत तेथें उभा राहणारा मुलगा बावीस वर्षांचा होता. तार लावली गेली तेव्हां तो कदाचित् शाळेंत असेल.

तेव्हां श्रोता सांपडला. पण तिसरें अंग, फसविण्याचा हेतु, तें मात्र सांपडत नाहीं, आणि येथें खरी अडचण आहे. तार लावणाऱ्यास त्या मुलाशीं काय वैर? तो त्यास ओळखतहि नव्हता. त्यास कोणासच फसवावयाचें नव्हतें. काम पुढें ढकलावयाचें होतें. उद्यां चकत्या मागवूं, परवां तार काढूं, असेंच त्याच्या मनांत असेल. मग त्यास असत्यवादी म्हणावें कशाच्या आधारावर?

मला वाटतें, आपली असत्याची व्याख्याच येथें अपुरी पडते. ती समोरासमोरच्या संभाषणावरून बेतलेली आहे. असत्य बोलण्याखेरीज असत्य ठेवून जाणें असाहि एक प्रकार आहे. घाटाच्या तोंडाशीं 'रस्ता चालू' अशी पाटी लावून, पुढें दरड कोसळल्यावरहि ती तशीच राहूं देणारा मनुष्य कोणाहि एका वाटसरूशीं खोटें बोलत नाहीं. परंतु येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस ती पाटी खोटें सांगत असते, आणि लावणारा त्या वेळीं घरीं स्वस्थ झोंपलेला असतो. त्याच्या मनांत हेतु होता कीं नव्हता, यानें वाटसरूस काय फरक पडतो? बोललेलें असत्य बोलणाऱ्याबरोबर दमतें, शरमतें, कधीं कधीं पश्चात्तापहि पावतें. ठेवलेल्या असत्यास हें कांहींच होत नाहीं. तें मूळच्या माणसाहून अधिक दिवस जगतें, आणि यंत्राबरोबर विकलेंहि जातें.

यावर दुसरी बाजूहि आहे, आणि ती सुखवस्तु माणसानें खुर्चींत बसून उडवून लावण्याजोगी नाहीं. एक तर हे मुखत्यार स्वतः नेहमीं खरें बोलतात असें नव्हे. त्यांच्यावर थंड पाण्याचे व तेलाचे शिंतोडे उडतात, लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, आणि मग हत्यार उत्तम बसलेलें असतांहि ते गप्प राहतात, किंवा तें नसतां ओरडतात. इसापनीतींतील 'लांडगा आला रे' ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांस ऐकवितों, पण त्यांतला गांवकऱ्यांचा भाग विसरतों. दहादां खोटी हांक ऐकून अकराव्या वेळीं ते धांवले नाहींत, यांत सारा दोष त्यांचा नव्हता. जो यंत्रनिर्माता आपले चौकीदार अशा जागीं बसवितो कीं ते महिन्यांतून चारदां भलतेंच ओरडावेत, त्यानेंच त्या तारेचा अर्धा रस्ता करून ठेवलेला असतो. दुसरें असें कीं, शोध घेतांना प्रत्येक चांगला फिटर क्षणभर अशी तार लावतोच. दोष मुखत्यारांत आहे, त्याच्या वायरींत आहे कीं दांड्यांत आहे, हें निवडण्याचा तोच सोपा मार्ग आहे. त्यास असत्य म्हणणें हा वेडेपणा होईल. शस्त्रक्रियेच्या वेळीं वैद्य रोग्याची संवेदना बंद करितो, पण तो तेथेंच उभा असतो, काय बंद केलें हें त्यास ठाऊक असतें, आणि काम होतांच ती तो परत येऊं देतो. भूल देऊन वैद्य घरीं निघून गेला आणि रोगी तसाच कामावर पाठविला, तर त्या कृत्यास आपण वैद्यकी म्हणणार नाहीं. तार तीच; तिच्याजवळ उभें राहणें आणि तिला विसरून जाणें यांनीं तिची जात बदलते.

तिसरा मुद्दा दारिद्र्याचा. दोन आठवडे यंत्र बंद ठेवणें मोठ्या कारखान्यास परवडतें. ज्याचें एकच यंत्र त्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ आहे, पण तें सुखाचें नाहीं. दारिद्र्यानें धोका पत्करण्याचा अधिकार मिळतो, हें मी मान्य करितों. पण तो स्वतःच्या जिवाचा. तार लावून जो मालक स्वतः त्या यंत्रासमोर उभा राहतो, त्याला मी अविचारी म्हणेन, अनीतिमान म्हणणार नाहीं. जो दुसऱ्यास उभा करितो त्यानें निदान त्यास सांगितलें पाहिजे. आणि सांगितल्यावर तो मुलगा नोकरीच्या भीतीनें 'चालेल' म्हणाला, तर तेवढ्यानें मालकाची सुटका झाली असेंहि मला वाटत नाहीं. १९४८ च्या कारखाने-कायद्यांत, कामगारांच्या सुरक्षिततेसाठीं बसविलेल्या साधनांत कामगारानेंहि जाणूनबुजून ढवळाढवळ करूं नये, असें कलम घातलेलें होतें. कायद्याची दृष्टि ठीक होती. पण अशी तार पुष्कळदां मालकाच्या देखत, किंवा त्याची पाठ मुद्दाम वळलेली असतांना लागते, हें कलमांत कसें लिहिणार?

राहिला विक्रीचा प्रश्न. सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं कर्तव्याविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत एका घर विकणाऱ्याचें उदाहरण आहे. घर कुजक्या लांकडांचें, रोगट, निजावयाच्या खोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात. पण हें मालकाखेरीज कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें कीं नाहीं? डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगावयास लावील तेवढें सांगावें. घेणाऱ्यास कोणी जबरदस्ती केलेली नाहीं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितलें पाहिजे. वाटसरूस रस्ता न दाखविण्याहून हें अधिक वाईट, कारण येथें त्यास जाणूनबुजून चुकीच्या वाटेस जाऊं दिलें जातें. सिसेरोनें शिष्याची बाजू घेतली. आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतहि भेसळीचा, निकस, मापांत कमी अगर झांकलेला माल विकूं नये असें सांगितलें आहे. उलट १९३० च्या मालविक्री-कायद्याचा सामान्य रोख, घेणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावे, असा आहे. आणि जुन्या यंत्रांच्या बाजारांत तर 'जेथें आहे, जसें आहे' हाच मंत्र चालतो. डायोजेनीस अजून भोसरींत फिरतो आहे म्हणावयाचें. तथापि सिसेरोचें घर व आपलें यंत्र यांत एक भेद आहे. घरांतील सर्प निदान घेणाऱ्यास स्वतःस चावतो. यंत्रांतील तार घेणाऱ्यास सहसा कांहीं करीत नाहीं. तिचा हिशेब सौद्यांत नसलेला तिसराच मनुष्य चुकता करितो. म्हणून 'दोघांनीं डोळसपणें व्यवहार केला' ही सबब, घराच्या बाबतींत कशीबशी उभी राहिली तरी, येथें उभीच राहत नाहीं.

आमच्या कारखानदारांनीं यंत्र विकणाऱ्यास फोन केला. रागाच्या भरांत काय काय बोलावयाचें हें त्यांनीं ठरविलेलें होतें. पलीकडच्या गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "आम्हांला हें ठाऊकच नव्हतें हो. आमच्याकडे तें यंत्र आलें तेव्हां तार असलीच पाहिजे. आमच्या माणसानें पेटीला हात लावलेला नाहीं." हें खरें असेल किंवा नसेल. खरें असेल, तर त्या गृहस्थांच्या कारखान्यांतहि कोणीतरी इतकीं वर्षें त्या मुक्या यंत्रासमोर उभा होता, आणि दैवानेंच वांचला. दोषाचा माग असा मागें मागें जात नाहींसा होतो. पहिला हात कोणाचा हें कळण्याची आशा बहुधा नसतेच.

पण मागचा माग पुसट झाला, म्हणून पुढचा पुसट होत नाहीं, उलट तो फारच स्पष्ट होतो. पेटी उघडेपर्यंत आमचे कारखानदार निर्दोष होते. तेहि फसलेलेच होते. पेटी उघडून ती तार पाहिल्याच्या क्षणापासून त्यांना खरें काय तें ठाऊक झालें, आणि समोरचा मुलगा अजून अजाण होता. तार आपण लावली नाहीं, हें त्या क्षणानंतर निरुपयोगी सत्य होतें. त्या आठवड्यांत एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल द्यावयाचा होता. पुढील दोन दिवस ते काय बोलले, कोणाकडे पैसे मागावयास गेले, हें मला ठाऊक आहे. पण तें लिहिण्याची त्यांची परवानगी नाहीं. त्यांनीं यंत्र बंद ठेवलें, इतकें लिहावयास हरकत नाहीं. स्पिंडल बाहेर काढून सर्व चकत्या नव्या घातल्या, एकदोन बदलून भागविलें नाहीं. ओढ पुन्हां मोजली. तार काढली, आणि मुखत्याराची जागा नीट जुळवून, हत्यार नसतां, अर्धवट असतां व पुरतें बसलें असतां तो काय सांगतो, हें तीनदां पडताळून पाहिलें. तिसऱ्या वेळीं अलार्म वाजला तेव्हां तो मुलगा दचकला. त्या यंत्राचा आवाज त्यानें कधीं ऐकलाच नव्हता.

फिटरांनीं एक वही मागितली. शेंड्या कोणत्या जातीच्या, ओढ किती भरली, कोणती तार कोठून काढली, हें सर्व त्यांनीं आपल्या वळणदार अक्षरांत तारखेसह लिहून काढलें, आणि ती वही वीजपेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस, पिशवींत घालून टांगली. कारखानदारांनीं त्यांना विचारलें, यंत्र पुढें विकावयाचें झालें तर वही काढून घ्यावी कीं राहूं द्यावी. वहींतलें वाचून गिऱ्हाईक किंमत पाडून मागेल. फिटर कांहीं बोलले नाहींत. वही सध्यां तेथेंच आहे, आणि यंत्रास अजून गिऱ्हाईक आलेलें नाहीं.